अठ्ठावन्न नंबरचा अंगठा

हरल्यावर आमच्या गावात कुणी लगेच घरी जात नाही. जिंकलो तर जातात, कारण जिंकण्यात बोलण्यासारखं फार काही नसतं. हरलो की मात्र मैदानामागच्या गवतावर उभ्या केलेल्या गाड्यांची मागची दारं पुन्हा उघडतात, सकाळचे थर्मास पुन्हा बाहेर येतात, आणि ब्रॅनिक कॉलेजच्या कोचने काय करायला हवं होतं हे ठरेपर्यंत एकही इंजिन चालू होत नाही.

त्या शनिवारी आम्ही कॉर्डेल कॉलेजकडून ओळीने सहाव्या वर्षी हरलो. सतरा-चौदा. शेवटचे अकरा सेकंद उरले होते, चेंडू त्यांच्या गोलरेषेपासून नऊ यार्डांवर होता आणि आमचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न होता. अशा वेळी चेंडू लाथेने दोन खांबांच्या मधून मारायचा, तीन गुण घेऊन बरोबरी करायची आणि पुढचं जादा वेळेत बघून घ्यायचं, हे आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतील. त्यात किक मारणारा ओरोझ्को. त्या हंगामात त्याने चौदा किका मारल्या होत्या आणि चौदाच्या चौदा आत गेल्या होत्या.

कोच मर्सरने ओरोझ्कोला बाहेरच उभं ठेवलं आणि चेंडू धावणाऱ्याच्या हातात दिला. धावणारा आठ यार्ड गेला. एक यार्ड राहिला.

"आठ," एमिल होलूब म्हणाला. त्याच्या हातातल्या कॉफीवर साय धरली होती, तरी तो ती धरूनच उभा होता. "नऊ हवे होते आणि आठ गेला. माझं गणित कच्चं आहे, पण चौदापैकी चौदा मला कळतं."

एमिल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. सहासष्ट साली तो ब्रॅनिककडून खेळला, चेंडूवर ओणवा होणारा मधला गडी म्हणून. आता तो आमच्या सोमवार क्लबचा अध्यक्ष आहे. गावात नगराध्यक्षही आहे, पण त्याचं नाव सगळ्यांना पटकन आठवत नाही.

"कोचला वाटलं असेल, एकदाचं जिंकूनच टाकावं," लव्हॉन म्हणाली. लव्हॉन प्रिबिलचं केस कापायचं दुकान आहे. कोचची बायको तिच्याकडेच येते, त्यामुळे कोचची बाजू घेणं तिला भाग असतं.

"काय वाटतं ते बघायला ठेवलाय का त्याला?"

"सहासष्ट साली तुमचा कोच काय मोठा विचारून चालायचा?"

"सहासष्ट साली आम्ही कॉर्डेलला हरवलं होतं."

"ठाऊक आहे हो एमिल. गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे."

"जॉर्जियात असंच खेळत असतील," डेल पोस्पिशिल म्हणाला. डेल बियाणं विकतो आणि क्लबचा चिटणीस आहे. "तिकडे बर्फ पडत नाही ना. माणसांची डोकी थंड व्हायची कशी?"

सगळे हसले. कोच मर्सर जॉर्जियाचा, आणि नेब्रास्कात येऊन त्याला दोनच वर्षं झाली होती. आमच्याकडे वीस वर्षं राहिलेल्या माणसालाही नवा म्हणतात, तेव्हा दोन वर्षांचा तर पाहुणाच.

"पत्राची वेळ आलीच आहे," डेल हळूच म्हणाला.

हसणं थांबलं. दर नोव्हेंबरात हंगामाचा शेवटचा सामना तोंडावर आला की क्लब कॉलेजच्या अध्यक्षांना पत्र लिहितो. कोच ठेवावा की नाही, एवढंच त्यात असतं. पत्र कुणी मागत नाही. पण मागचे दोन कोच त्या पत्रानेच गेले.

"सोमवारी फिल्म बघू," एमिल म्हणाला. "त्याच्या तोंडून ऐकू. मग पत्र."

मी आपली पातेल्यात उरलेली चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, खरवडत होते. एकोणीस वर्षं मी या क्लबचं सोमवारचं जेवण करते, आणि फुटबॉल मी शिकले ते वाढायच्या खिडकीतून. मैदानावर काय होतं ते मला पूर्वी समजायचं नाही, पण जेवताना माणसं कशावरून चमचा खाली ठेवतात ते बघत गेले आणि कळत गेलं. त्या दिवशी मात्र माझं लक्ष बोलण्याकडे नव्हतं. लांबून माझा मुलगा ग्रेडी गाडीकडे चालत येत होता. उजवा हात जाकिटाच्या खिशात. थंडीने खिशात घातलेला हात आणि लपवण्यासाठी घातलेला हात, यातला फरक कुठल्याही आईला कळतो.

ग्रेडी संघात आहे हे गावातल्या अर्ध्या लोकांच्या लक्षात नसतं. तो अठ्ठावन्न नंबरचा, लाँग स्नॅपर. किक मारायची वेळ आली की तो मैदानात येतो, चेंडूवर ओणवा होतो आणि दोन पायांमधून चेंडू सात यार्ड मागे फेकतो. तिथे एक मुलगा गुडघ्यावर बसलेला असतो. तो चेंडू झेलून जमिनीवर उभा धरतो, ओरोझ्को लाथ मारतो, आणि लोक ओरोझ्कोच्या नावाने ओरडतात. स्नॅपरचं नाव भोंग्यावर येतं ते फक्त तो चुकला तर. तीन वर्षांत ग्रेडीचं नाव एकदाही आलं नव्हतं. मी ही गोष्ट कुणाला कौतुकाने सांगायला लागले की समोरचा माणूस घड्याळ बघतो.

घरी आल्यावर मी काही विचारलं नाही. बर्फातली मक्याच्या दाण्यांची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. त्याने हात बाहेर काढला. अंगठा वांग्यासारखा झाला होता, रंगानेही आणि आकारानेही.

"कधी?"

"मध्यंतरानंतर."

"कुणी पाय दिला?"

तो छताकडे बघायला लागला. "चाकावर."

खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात त्याच्या तोंडाशी एमिलच्या वडिलांच्या मळणीयंत्राचं लोखंडी चाक टांगलेलं आहे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने त्यावर उजव्या हाताने थाप मारायची, अशी चाळीस वर्षांची रीत. एमिलने ते चाक दिलं आणि तोच ते सांभाळतो. प्रत्येक सामन्याला तो तेलाची बुधली घेऊन चाकाशेजारी उभा राहतो आणि "जोरात, पोरांनो, जोरात" असं ओरडत असतो. मध्यंतरानंतर ग्रेडीने थाप मारली, आणि हात काढायच्या आत मागून संघातल्याच बॅरेटने घाईघाईत हातातल्या हेल्मेटनेच थाप मारली. चाक आणि हेल्मेट यांच्यामध्ये माझ्या मुलाचा अंगठा.

"बॅरेटला माहीत आहे?"

"नाही. सांगूही नकोस. तो रडेल. तीनशे पौंडांचा आहे, पण रडेल."

"आणि त्या हाताने तू खेळलास."

"दोनदा टाकला चेंडू. पहिला ठीक गेला. दुसरा जमिनीवरून घरंगळत गेला, धरणाऱ्याने कसाबसा उचलला." त्याने पिशवी अंगठ्यावर फिरवली. "मग शेवटी कोचने किकसाठी आम्हाला हाक मारली. मी पाच पावलं गेलो आणि मूठ मिटून बघितली. मिटेना. परत फिरलो. म्हटलं, कोच, आता चेंडू कुठे जाईल ते मला सांगता येत नाही."

"काय म्हणाला?"

"हात बघितला. म्हणाला, सांगितलंस ते बरं केलंस, जा बस. एवढंच. मग धावायचं ठरवलं."

"दुसरं कुणी नव्हतं टाकायला?"

"वायट सप्टेंबरातच गुडघा मोडून बसलाय. बॅरेटने सरावात एकदा टाकला होता, तो बँडवाल्यांच्या ढोलाला लागला."

मी हसले, आणि मग हसायचं कारण नव्हतं हे आठवलं.

"आई, मी गप्प बसलो असतो तर? एखाद वेळेस नीट गेलाही असता."

मला शेगडीकडे तोंड करावं लागलं. त्याचा बाप, माझा नवरा ग्लेन, एका सुगीला दोन बरगड्या मोडलेल्या असताना तीन आठवडे कापणीचं यंत्र चालवत होता. त्याने मलाही सांगितलं नाही. खोकला आला तेव्हा कळलं. आमच्या घरात ते शौर्य म्हणून सांगितलं जातं, ख्रिसमसच्या जेवणात दरवर्षी. मी वाढलेही तशाच घरात. मग वीस वर्षांच्या या पोराने, आठ हजार माणसं बाकांवर उभी असताना, पाच पावलं पुढे जाऊन परत फिरायचं हे आणलं कुठून? आमच्याकडून नाही. ते त्याचं स्वतःचं होतं. मी शेगडी पुसली. ती स्वच्छच होती.

"ऐक," तो म्हणाला. "हे कुणाला कळता कामा नये. पुढच्या शनिवारी पुन्हा सामना आहे. स्नॅपर जखमी आहे हे समोरच्यांना कळलं, तर प्रत्येक किकला सगळे तिथेच घुसतील. कोच म्हणाला, लोकांनी विचारलं तर निर्णय माझा होता एवढंच सांगायचं."

"लोक त्याला खातील."

"म्हणाला, खाऊ देत, मी चिवट आहे." मग माझ्याकडे नीट बघत, "तू क्लबात वाढायला जातेस म्हणून सांगतोय. शब्द दे."

मी दिला. गाडीतळावरची पत्राची गोष्ट त्याला माहीत नव्हती, आणि मला ती शब्द दिल्यानंतर आठवली. तो झोपायला गेल्यावर मी हिशोब मांडून बघितला. मी बोलले तर गाव म्हणणार, कुबिचेकांच्या पोरामुळे हरलो. आणि हे आमच्याकडे माणसाच्या थडग्यापर्यंत जातं. मी गप्प राहिले तर ज्याने माझ्या मुलाला पाठीशी घातलं तो माणूस बायकोपोरांसकट जॉर्जियाला परत. आणि मग पुन्हा कधी खरं सांगायची वेळ आली, तर खरं सांगितल्याने काय झालं होतं ते ग्रेडीला आठवेल. त्या शेवटच्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं.

रविवारी शेजारच्या गावात जाऊन अंगठ्याचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, पण दहा दिवस उजव्या हाताने चेंडू धरायचा नाही.

सोमवारी दुपारी चर्चच्या तळघरात साठ माणसं होती. एरवी चाळीस येतात. हरलो की भूक वाढते. चिली आणि दालचिनीचे रोल, नोव्हेंबरात दुसरं काही केलं तर माझीच उचलबांगडी होईल. कोच वेळेवर आला, पायपुसण्यावर बूट पुसले, आणि खिडकीशी आला.

"मॅम, वास असा सुटलाय की फाशीच्या कैद्यालाही भूक लागेल."

मी त्याच्या ताटात ट्रेच्या मधला रोल ठेवला. मधले रोल मऊ असतात, कडेचे थोडे वाळतात. त्याने रोलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कडेचा चालला असता, मॅम."

"मधला आहे," मी म्हणाले. "खा."

एवढंच बोललो आम्ही.

मग त्याने पडद्यावर फिल्म लावली. आमची रीत अशी: कोच सामन्याची फिल्म दाखवतो आणि जेवताजेवता ज्याला जे विचारायचं ते विचारायचं. पहिला अर्धा तास सगळे सभ्यपणे वागले. शेवटचा प्रयत्न आला आणि डेलने चमचा खाली ठेवला.

"चौदापैकी चौदा, कोच."

"हो सर."

"मग?"

"निर्णय माझा होता. मला वाटलं ते नऊ यार्ड आपण काढू. नाही काढले."

"एवढंच?"

"एवढंच, सर."

मागून कुणीतरी म्हणालं, "ओरोझ्कोशी तुमचं बिनसलंय असं ऐकलं."

"ओरोझ्को उत्तम मुलगा आहे."

"म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही?"

कोच खोटं बोलला असता तर तिथे सुटला असता. "पूर्ण विश्वास आहे," तो म्हणाला.

त्याने तर आणखीच भडका उडाला. विश्वास आहे आणि तरी बाहेर उभा करता? मग कशावर नाही विश्वास, हवेवर? लव्हॉन म्हणाली, शनिवारी वारा होता. डेल म्हणाला, तुझ्या दुकानातल्या ड्रायरचा असेल. औषधवाला म्हणाला, आमच्या वेळी कोच निदान कारण तरी सांगायचे, खोटं का होईना. कोच उभा होता, हात मागे बांधून, प्रत्येकाला सर आणि मॅम म्हणत. माझ्या मुलाचं नाव त्याच्या ओठांपर्यंतही आलं नाही.

"मला वाटतं आता पत्र आजच लिहून टाकावं," डेल म्हणाला आणि त्याने खिशातून पेन काढलं.

मी पळी हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आले. कशासाठी आले ते मला तेव्हाही नक्की माहीत नव्हतं. तोंड उघडलं. साठ चेहरे माझ्याकडे वळले, त्यात कोचचाही. त्याने मान हलवली नाही, पण डोळ्यांनी एवढंच सांगितलं की नको.

"काय गं आर्लीन?" डेलने विचारलं.

"आणखी चिली हवीय का कुणाला?" मी म्हणाले.

कुणालाच नको होती.

"ती फिल्म पुन्हा लावा," एमिल म्हणाला. तोवर तो नुसता रोल चिलीत बुडवून खात होता. "शेवटच्या प्रयत्नाच्या थोडी आधीपासून."

कोचने लावली. लांबून काढलेली फिल्म, माणसं मुंग्यांएवढी. सगळी खोली मधल्या गर्दीकडे बघत होती. पण जो माणूस स्वतः चेंडूवर ओणवा होत आला, तो फिल्म बघताना आधी बघतो की आता ओणवा कोण होणार. पडद्याच्या कडेला अठ्ठावन्न नंबर पाच पावलं धावला, थांबला, स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि मागे वळला.

"थांबवा," एमिल म्हणाला.

कोचने थांबवली. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती घाईने पुढे पळवली. पण एमिलला हवं ते बघून झालं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला, आणि काय चाललंय ते मला खिडकीजवळून दिसलं. तो मनाने शनिवारच्या चाकाशी पोचला होता. मध्यंतरानंतरचा तो क्षण, कळवळलेला एक आवाज, हात झटकत पळालेलं एक पोर, आणि शेजारी तेलाची बुधली घेऊन "जोरात" म्हणून ओरडणारा तो स्वतः. त्याने माझ्याकडे बघितलं. मी एक कोरडी ताटली पुसायला घेतली.

"तर मग पत्र," डेल म्हणाला.

"मी असतो तर मीही धावलोच असतो," एमिल म्हणाला.

चमच्यांचे आवाज थांबले.

"एमिल, शनिवारी तुम्हीच—"

"शनिवारी मी थंडीत उभा होतो. आज पोटात गरम गेलंय." तो सावकाश उभा राहिला, त्याचे गुडघे उभे राहताना सगळ्यांना ऐकू येतात. "आपला धावणारा दिवसभर पाच-पाच, सहा-सहा यार्ड काढत होता. आणि सहा वर्षं आपण बरोबरीसाठी खेळून हरतोय. यंदा निदान जिंकायला जाऊन हरलो."

"मी शनिवारपासून हेच सांगतेय," लव्हॉन म्हणाली.

"तू चुकीच्या कारणाने सांगत होतीस."

"आणि पत्र?" डेलचं पेन अजून हातातच होतं.

"यंदा पत्र मी लिहितो. अध्यक्ष मी आहे. कुणाची हरकत असेल तर उभं राहून सांगा, म्हणजे तोंडं माझ्या ध्यानात राहतील."

कुणी उभं राहिलं नाही. औषधवाला अर्धवट उठला होता, पण तो रोल आणायला.

लोक पांगल्यावर एमिल स्वतःचा वाडगा घेऊन स्वयंपाकघरात आला. एकोणीस वर्षांत त्याने वाडगा कधी आणून दिला नव्हता.

"कितपत आहे?" त्याने विचारलं.

"काय कितपत?"

"आर्लीन."

"मी शब्द दिलाय, एमिल."

"मग तू भांडी घास. मी बोलतो." पण आधी तो नुसता वाडगा नळाखाली धरून उभा राहिला. "चाक उतरवतो मी."

"उतरवलंत तर लोक विचारतील, का म्हणून."

"मग काय करू?"

"एकेकाने या म्हणून सांगा. एकाचा हात निघाला की दुसऱ्याचा."

तो विचारात पडला. "चाळीस वर्षांत हे कुणाला सुचलं नाही."

"चाळीस वर्षांत तुम्ही कुणाला विचारलं नाही."

"चार वाजता घरी असेल तो?" एवढंच म्हणून तो गेला.

चार वाजता तो आमच्या परसात हजर झाला. काखेत एक जुना चेंडू, शिवण उसवलेला. ग्रेडीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याचे कान लाल झाले.

"मी एक शब्द बोलले नाही," मी म्हणाले.

"खरं आहे," एमिल म्हणाला. "तुझ्या आईच्या तोंडून आज साऱ्या गावाने फक्त 'आणखी चिली' एवढंच ऐकलं. दाखव हात."

ग्रेडीने दाखवला. एमिलने तो डॉक्टरसारखा दाबून बघितला नाही. दोन्ही हातांत नुसता धरला.

"तूच सांगितलंस कोचला? आपणहून?"

"हो सर."

"किती वेळ होता तुझ्याकडे?"

"पाच पावलं."

एमिलने टोपी काढली, पुन्हा घातली. "सहासष्ट साली कॉर्डेलच्या सामन्यात माझं उजवं मनगट सुजलेलं होतं. माझ्याकडे अख्खा आठवडा होता. मी नाही सांगितलं. डाव्या हाताने टाकत राहिलो. त्यातला एक चेंडू हॅरिसन बर्डिकच्या डोक्यावरून गेला. तो मागे झेलायला होता. कोचने त्याला सगळ्यांसमोर झापलं, हात आहेत का लोण्याचे म्हणून. आम्ही जिंकलो, त्यामुळे पुढे कुणी उकरलं नाही. हॅरिसन वारला त्याला नऊ वर्षं झाली. त्याला पण नाही सांगितलं."

 शेताकडून ग्लेनच्या यंत्राचा आवाज येत होता.

"म्हणून आलोय," एमिल म्हणाला. "डाव्याने कसं टाकायचं ते मला येतं. नीट कसं टाकायचं तेही मी नंतर शिकलो, उशिरा. शनिवारी कोच तुला खेळवेल की नाही ते त्याचं तो बघेल, मी त्यात बोलणार नाही."

"तुम्ही? बोलणार नाही?" मी म्हणाले.

"शनिवारपर्यंत," तो म्हणाला.

झेलायला कुणी नव्हतं. ग्लेन अंधार पडेपर्यंत येणार नव्हता. मी ॲप्रन काढून कुंपणावर टाकला, सात यार्ड मोजले आणि गवतावर एक गुडघा टेकून बसले. एमिलला ओणवं होता येत नव्हतं, म्हणून तो ग्रेडीशेजारी काठीसारखा उभा राहिला आणि हाताने हवेतच दाखवत राहिला. मनगट असं. नाही, असं. कोपर आत. अरे, चेंडू आहे, भोपळा नव्हे. उजव्या हाताने नुसता आधार दे, अंगठा बाहेर ठेव, त्याला सुट्टी आहे.

पहिला चेंडू टोमॅटोच्या वाळलेल्या वेलांत गेला. दुसरा शेजारच्या आवारात. तिसरा माझ्या खांद्याला लागला आणि ग्रेडीने पायांमधून उलट्या डोक्याने विचारलं, "लागलं का गं?"

"चेंडूकडे बघ," मी आणि एमिल एकदमच म्हणालो.

अकरावा की बारावा थेट माझ्या हातांत आला. तळवे चुरचुरले. मी तो जमिनीवर उभा धरला, जसा तो मुलगा ओरोझ्कोसाठी धरतो तसा, बोटाच्या टोकाने. मारायला कुणी नव्हतं तरी धरला. इतकी वर्षं मी खिडकीतून हा खेळ बघितला, पण चेंडू येताना कसा फुरफुरतो ते मला माहीत नव्हतं.

एमिलने खिशातून एक कागद काढला. बियाण्याच्या जाहिरातीच्या पाठीवर त्याने काहीतरी लिहिलं होतं.

"माझा चष्मा गाडीत आहे," तो म्हणाला. चष्मा त्याच्या छातीवर दोरीला लटकत होता. "वाचून दाखव बघू बरोबर वाटतंय का. उद्या पाठवायचंय."

मी हात फ्रॉकला पुसले आणि वाचलं. नेहमीची पत्रं दोन पानांची असायची, त्यात डेलचे मोठमोठे शब्द. हे तीन ओळींचं होतं.

"अध्यक्ष महोदय, सोमवार क्लबला कोच मर्सर इथेच हवे आहेत. त्यांच्या हाताखालची मुलं वेळेवर खरं सांगतात. हे आमच्या वेळी नव्हतं."

"डेलला याचा अर्थ कळायचा नाही," मी म्हणाले.

"त्याला कळायला नकोच आहे. शुद्धलेखन बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

 ग्रेडी टोमॅटोच्या वेलांत वाकून चेंडू शोधत होता. खूप वेळ शोधत होता. चेंडू तर माझ्याच पायाशी पडलेला होता, आणि एमिलने आणि मी, दोघांनीही तसं त्याला सांगितलं नाही.